जुलैतला आल्प्सचा बेत: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: टूरवाल्यांची पीडीएफ सगळ्यांनी पाहिली का? नऊ दिवस, पाच देश, सकाळ-संध्याकाळ भारतीय जेवण. आजच हो म्हटलं तर सवलत आहे.

आत्या: जेवणाचं बरं आहे बाई.

ताई: दादा, मी नीट वाचली. रोज बॅग भरायची, रोज बस. डोंगरात चालायला कुठेच वेळ नाही. एका ठिकाणी चाळीस मिनिटं फोटोसाठी, बस्स. आपण दर पावसाळ्यात राजमाचीला, लोहगडला जाणारी माणसं. आल्प्सला जाऊन बसच्या काचेतून डोंगर बघायचे?

आई: अगं पण तुझी आत्या, मी, काका, आम्हाला तुमच्याबरोबर चालणं जमणार का? गुडघे काय म्हणतात ते मला विचार.

ताई: आई, म्हणूनच तर मी रेल्वे म्हणतेय. इथे झुरिचला आल्यापासून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. गाडी पार वरपर्यंत जाते आणि पायवाट एका स्टेशनातून निघून दुसऱ्या स्टेशनात उतरते. ज्याला जमेल तो चालेल, ज्याला नाही तो त्याच गाडीने पुढे जाऊन चहा घेत बसेल. दुपारी सगळे एकत्र. सह्याद्रीत आई नेहमी पायथ्याच्या गावात बसून राहते. इथे ती आपल्याबरोबर वर असेल.

वहिनी: हे मला फार आवडलं.

काका: कोणती लाइन म्हणतेस तू? नाव सांग.

ताई: काका, पहिले चार दिवस बेर्ग्यूनला राहू. झुरिच विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. तिथून कूर, कूरला छोट्या लाल गाडीत बसायचं. आल्बुला आणि बेर्निना या दोन लाइनी, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वाटेत लांडवासरचा पूल लागतो, ६५ मीटर उंच, वळणावरचा. पूल संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्यात.

काका: मीटर गेज ना?

ताई: हो. आणि बेर्निनावर चढाला गाडीला पकड देणारा दात्यांचा रूळ कुठेही नाही. तरी चढ १००० ला ७०.

काका: थांब. म्हणजे १४ ला १! आपल्या बोरघाटात ३७ ला १ आहे, तर मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. नुसत्या चाकाच्या पकडीवर १४ ला १? वळणं किती मीटरची?

ताई: सगळ्यात कडक वळण ४५ मीटर त्रिज्येचं. वर ओस्पित्सिओ बेर्निना २२५३ मीटरवर, खाली इटलीत तिरानो ४२९ मीटरवर. मध्ये ब्रुझिओला गाडी उघड्यावर गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जाते.

काका: मी येतोय. टूरवाल्यांना नाही म्हणून कळवा.

दादा: काका, अजून खर्चाचं बोललो नाहीये आपण!

मी: ताई, बेर्ग्यूनलाच का? सेंट मॉरिट्झ का नाही?

ताई: सेंट मॉरिट्झ महाग आहे, आणि चालण्याची सगळ्यात सुंदर वाट बेर्ग्यूनच्या दारातच आहे. गाडीने प्रेडाला जायचं, १७८९ मीटर. तिथून रुळाच्या कडेकडेने खाली बेर्ग्यूनला चालत यायचं, १३६७ मीटर. दरी अरुंद, उतार जास्त, म्हणून रुळाला डोंगराच्या पोटात वेटोळी घालावी लागली आहेत. आपण पायवाटेवर असताना तीच गाडी एकदा डोक्यावरच्या पुलावर दिसते, मग बोगद्यात जाते आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने खाली दिसते. पाटीवर साधारण अडीच तास. जागोजागी फलक आहेत, कोणत्या वर्षी काय बांधलं त्याचे. काका, गावात आल्बुला लाइनचं रेल्वे संग्रहालयही आहे.

आई: चारशे मीटर उतार म्हणजे माझे गुडघे गेले.

ताई: आई, तू त्या दिवशी उलटं कर किंवा गाडीनेच ये. उलटं म्हणजे चढ, पण सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमी. चढाला दम लागतो, गुडघा दुखत नाही. आणि तुझी वाट दुसऱ्या दिवशी आहे. ओस्पित्सिओ बेर्निनाला उतरून पांढऱ्या तळ्याच्या काठाने आल्प ग्र्यूमपर्यंत. तळ्यात हिमनदीचं पाणी, म्हणून रंग दुधाळ. उतार जेमतेम दीडशे मीटर, शेवटी समोर पालू हिमनदी. स्टेशनातच हॉटेल आहे. ही वाट मी मुद्दाम तुझ्यासाठी निवडली आहे.

आई: बरं. मग मी चालेन.

दादा: बेर्निना एक्सप्रेसचं आरक्षण आधी करावं लागतं असं वाचलं.

ताई: त्या मोठ्या काचांच्या गाडीला आरक्षण सक्तीचं, वेगळे पैसेही. पण त्याच रुळावर साधी गाडी धावते, तिला आरक्षण लागत नाही. साधी गाडी छोट्या स्टेशनांवरही थांबते. कुठेही उतरा, चाला, पुढच्या गाडीत बसा. आपल्याला तीच हवी. फक्त काही छोट्या स्टेशनांवर बटण दाबलं तरच थांबते, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

पिल्लू: मला बर्फ पाहिजे. युंगफ्राउयोख!

ताई: पिल्लू, पुढचा आठवडा वेंगेनला आहे, तिथूनच जाता येतं. वेंगेनला मोटारी नाहीत, माथेरानसारखंच, फक्त रेल्वेने जायचं. युंगफ्राउयोख हे बर्फातलं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. आयगर शिखराच्या पोटातून बोगदा खणायला १८९६ ला घेतला, गाडी वर पोचली १९१२ ला. तिकीट मात्र सवलतीशिवाय माणशी २०० फ्रँकच्या वर आहे. म्हणून माझं मत असं: वर बसवलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र सकाळी फोनवर बघायचं. आभाळ मोकळं असेल तर पिल्लू आणि दादा जातील. ढग असतील तर जायचं नाही. पांढऱ्या भिंतीसारखं धुकं बघायला एवढे पैसे घालवू नका.

वहिनी: आणि बाकीचे?

ताई: बाकीच्यांसाठी मॅनलिखेन ते क्लाइन शायडेग. वेंगेनहून केबलकारने वर, मग साडेचार किलोमीटर, बहुतेक उतार, तोही सौम्य. आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं पूर्ण वेळ समोर. क्लाइन शायडेगला स्टेशन. ज्यांना अंगात जोर आहे त्यांनी आयगर ट्रेल करायचा. आयगरग्लेचर स्टेशनला, २३२० मीटरवर उतरायचं आणि आयगरच्या उत्तर भिंतीच्या पायथ्याने सहा किलोमीटर आल्पिग्लेनला.

मी: आल्पिग्लेन १६१६ मीटर आहे, बघितलं आत्ताच. कळसूबाई १६४६. म्हणजे ट्रेक जिथे संपतो ते स्टेशन जवळजवळ महाराष्ट्राच्या छपराएवढं!

काका: वा!

आत्या: बाई, वाट चुकली तर?

ताई: आत्या, खुणा फार नीट आहेत. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, तिथे चांगले बूट लागतात. आयगर ट्रेल त्यात येतो. पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपण कोणीही जायचं नाही, ते गिर्यारोहकांचं. पाटीवरची वेळ न थांबता चालल्याची असते, आपण दीडपट धरू. अजून एक, आणि हे मी गंभीरपणे सांगतेय: जुलैत दुपारनंतर वीज-वादळ येतं. सकाळी आठला चालायला लागायचं आणि दुपारी दोनच्या आत स्टेशनात. वासराजवळची गाय दिसली तर लांबून जायचं, फोटोला जवळ जायचं नाही. हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४ नंबर आजच फोनमध्ये घाला.

दादा: जूनमध्ये विमान स्वस्त आहे.

ताई: जूनमध्ये दोन हजार मीटरच्या वर बर्फ साचलेला असू शकतो, मग या वाटांपैकी काही बंद. जुलैच बरा.

वहिनी: व्हिसाचं मी बघते. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे जानेवारीत. जास्त दिवस स्वित्झर्लंडमध्ये, म्हणून अर्जही त्यांच्याकडेच. तिरानो इटलीत असलं तरी त्याच शेंगेन व्हिसावर चालतं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, त्यात डोंगरातली सुटका धरलेली आहे का ते विचारते.

दादा: आणि रेल्वेचा पास?

ताई: ट्रॅव्हल पास की अर्ध्या दरात तिकिटं देणारं महिन्याचं हाफ फेअर कार्ड, हे प्रत्येक दिवसाची तिकिटं मांडूनच ठरवू. वेंगेनपर्यंत पास चालतो, त्याच्या वर फक्त सवलत. पिल्लू सोळाच्या आत आहे, फॅमिली कार्डवर आईबाबांबरोबर फुकट. बेर्ग्यून ते वेंगेन जायच्या दिवशी मोठ्या बॅगा रेल्वेकडे देऊ, त्या स्टेशनला वेगळ्या येतात. आपण पाठपिशव्या घेऊन लुझर्नवरून ब्र्यूनिग खिंडीतून जाऊ.

आत्या: मी भाजणी, मेतकूट, चटण्या घेते. आणि घरचं तूप.

ताई: आत्या, भाजणी, मेतकूट नक्की आण. तूप, पेढे, बर्फी नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप मी इथे कढवून ठेवते. वेंगेनला स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी.

आई: पाणी?

ताई: गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याचंच असतं. काइन ट्रिंकवासर, म्हणजे पिण्याचं पाणी नाही, अशी पाटी असेल तिथलं तेवढं प्यायचं नाही. बाटल्या विकत घेऊ नका.

दादा: ठीक. टूरवाल्यांना नाही कळवतो. ताई, बेर्ग्यूनचं घर तू बघ, आठवड्याच्या हिशोबाने देतात का तेही विचार.

काका: मी आल्बुला लाइनचं वेळापत्रक उतरवून काढतो. प्रेडाला गाडी किती वाजता, पुढची किती वाजता, सगळं एका कागदावर. आणि उद्यापासून सकाळी पर्वती. सहा वाजता पायथ्याशी, तुमच्या आत्याने आणि आईनेही यायचं.

आई: सहा नाही, साडेसहा. दूध येतं सहाला.

काका: साडेसहा.