हॅलोविनसाठी भीतीदायक दिसणारी प्राचीन नाणी: मेडूसा सोडून अजून काय काय आहे?

जुनंनाणं
लोकहो, एक विचारायचं होतं. हॅलोविनच्या रात्री घरी सात-आठ जण जमणारेत, त्यात दोन-तीन लहान मुलं, आणि यावेळी प्लास्टिकचे सांगाडे लावण्यापेक्षा टेबलावर काळं कापड टाकून खरीखुरी प्राचीन नाणी मांडावीत असं डोक्यात आलंय. माझ्याकडे त्या प्रकारातलं एकच आहे, पॅरियन या प्राचीन ग्रीक शहराचं चांदीचं अर्धा ड्रॅक्म (ड्रॅक्म म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं), इ.स.पू. चौथ्या शतकातलं. एका बाजूला मान वळवून मागे बघणारा बैल आणि दुसऱ्या बाजूला थेट आपल्याकडे बघणारं गॉर्गनचं (म्हणजे मेडूसासारख्या, केसांऐवजी साप असलेल्या ग्रीक राक्षसीचं) तोंड, भोवती साप, जीभ बाहेर. नाणं जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं, अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्याकडच्यावर ठसा थोडा सरकून बसलाय त्यामुळे उजवीकडचे साप अर्धेच उमटलेत, पण भिंगाखाली पहिल्यांदा धरलं तेव्हा मी पटकन डोळा मागे घेतला होता हे खरं.
तर प्रश्न असा की गॉर्गन सोडून कुठली नाणी सुचतात? सगळी विकत घ्यायची नाहीयेत, काहींचे मोठे फोटो छापून लावले तरी चालेल. नुसतं चित्र भयंकर असण्यापेक्षा मागे गोष्ट असेल तर जास्त आवडेल.
आणि एक, दोन रोमन तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी पूड दिसायला लागलीये, ती पण मांडायचा विचार होता, दिसायला एकदम स्मशानातून आल्यासारखी दिसतायत. चालेल ना?

घुबडछाप
मस्त कल्पना आहे. गॉर्गन सोडून म्हणालात तरी तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे तोंड लोकांना घाबरवायला नाही, वाईटाला घाबरवून पळवायला काढायचे. म्हणून ते ढालीवर असायचं, देवळाच्या छपरावर असायचं, आणि नाण्यावरही आलं. मॅसिडोनियाच्या किनाऱ्यावरच्या नेआपोलिसने इ.स.पू. ५०० च्या सुमाराला जी चांदीची नाणी पाडली त्यावरची गॉर्गन बघा, दात विचकलेले, जीभ लोंबतेय, आणि मागच्या बाजूला चित्रच नाही, नुसता चार भागांचा खोलगट चौकोन. काळ्या समुद्रावरच्या ओल्बियात तर कांस्याची ओतीव मोठाली नाणी होती, तळहातावर ठेवली तर चांगलं वजन जाणवेल अशी, त्यावरही हीच. पुढे रोमन लोकांनी तिला हळूहळू माणसात आणली, इ.स.पू. ४७ च्या प्लॉटियस प्लँकसच्या डिनेरियसवर (रोमन चांदीचं नाणं) ती भीतीदायक कमी आणि दमलेली जास्त वाटते मला. तिन्ही फोटो शेजारी लावा, मुलांना फरक लगेच कळेल.
गॉर्गनच्या बाहेर जायचं तर काळ्या समुद्रावरच्या इस्ट्रोस या ग्रीक शहराचा ड्रॅक्म. दोन तरुण चेहरे शेजारी शेजारी, त्यातला एक उलटा. नाणं फिरवलं तरी तेच, एक सरळ एक उलटा. का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

कवडी
चीनकडे कुणी वळलं नाही अजून? युद्धरत राज्यांच्या काळात (इ.स.पू. ४७५ ते २२१) छू राज्यात कवडीच्या आकाराचे कांस्याचे छोटे तुकडे पैसे म्हणून चालायचे. त्यांना चिनी संग्राहक चक्क 'भुताच्या चेहऱ्याचा पैसा' म्हणतात. दोनेक सेंटीमीटर लांब, मागून सपाट, पुढून फुगीर, टोकाला भोक आणि वर कोरलेलं एक अक्षर, पण ते अक्षर आणि भोक मिळून डोळे आणि आ वासलेलं तोंड दिसतं. घडवणाऱ्याच्या मनात चेहरा नव्हताच, आपल्याला दिसतो. दुसरं नाव 'मुंगी-नाक पैसा' असंही आहे. तुमच्या टेबलावर हे हवंच.

पुसलेलाचेहरा
तुम्ही गोष्ट हवी म्हणालात म्हणून लिहितोय, जरा लांबेल.
माझ्या मते सगळ्यात भयानक प्राचीन नाण्यावर राक्षस नाही, साप नाही, तिथे काहीच नाही. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. २११ च्या फेब्रुवारीत यॉर्कला वारला आणि राज्य दोन मुलांच्या हाती आलं, थोरला कॅराकॅला आणि धाकटा गेटा. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात कॅराकॅलाने गेटाला मारवलं, तेही आईच्या खोलीत, समेट करू म्हणून बोलावून. त्या काळचा सिनेटर डिओ कॅसियस लिहितो की गेटा आईला बिलगला होता, तिच्या कुशीतच त्याला भोसकलं आणि तिच्या हातालाही जखम झाली. त्यानंतर हुकूम निघाला की गेटाचं नाव आणि चेहरा जिथे असेल तिथून खोडा.
आता बाप जिवंत असताना कॅरियातल्या (आजच्या तुर्कस्तानचा नैऋत्य भाग) स्ट्रॅटोनिकिया नावाच्या गावाने मोठी कांस्य नाणी पाडली होती, त्यावर दोघं भाऊ समोरासमोर एकमेकांकडे बघतायत. खून झाल्यावर ती नाणी गोळा करून त्यावरचा गेटा छिन्नीने तासून काढला आणि नाणी परत चालवली. त्यामुळे आज ते नाणं हातात घेतलं की डावीकडे किंवा उजवीकडे कॅराकॅला व्यवस्थित दिसतो, दाढी, कुरळे केस, सगळं, आणि समोर ओबडधोबड सपाट जागा. कधी कधी त्या सपाट जागेच्या कडेला खांद्याची रेघ किंवा अर्धं अक्षर राहून गेलेलं असतं. मी असं एक नाणं हातात धरलंय, बोट फिरवलं की जिथे चेहरा होता तिथे खळगा लागतो. आणि कॅराकॅला त्या खळग्याकडे बघतोय, अठराशे वर्षं.
त्यातल्या काही नाण्यांच्या मागच्या बाजूला कोण आहे माहितीये? हेकटी. हातात मशाल, पायाशी कुत्रा. भुताखेतांची आणि तिठ्यांची देवी, लागिनाचं तिचं मोठं देऊळ याच गावाच्या हद्दीत. हॅलोविनला यापेक्षा योग्य नाणं मला तरी माहीत नाही.

जुनंनाणं
@पुसलेलाचेहरा अंगावर काटा आला वाचताना, खरंच. याचा फोटो सगळ्यात मोठा छापणार. @कवडी भुताच्या चेहऱ्याचं माहीत नव्हतं, आत्ता शोधून बघितलं, मुलांना हेच जास्त आवडणार बहुतेक.

अर्धामाणूसअर्धासाप
ग्लायकॉन राहिला की! दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर अबोनोटाइकोस या गावी अलेक्झांडर नावाच्या माणसाने एक नवीनच देव आणला, माणसासारखं डोकं असलेला साप. त्याच काळातल्या ल्युसियन या लेखकाने सगळी लबाडी उघड केलीये. साप खरा आणि माणसाळलेला, डोकं मात्र कापडाचं रंगवलेलं, घोड्याच्या केसांनी जबडा उघडझाप करायचा, आणि बगळ्यासारख्या पक्ष्याच्या श्वासनलिका जोडून बाहेरून कुणीतरी बोलायचं म्हणजे देवच बोलतोय असं वाटावं. अंधाऱ्या खोलीत गर्दी करून लोकांना भराभर पुढे सरकवायचे. आणि हे सगळं इतकं चाललं की गावाच्या नाण्यांवर वेटोळं घातलेला साप आला, शेजारी नाव, ग्लायकॉन. १९६२ मध्ये रुमानियात कॉन्स्टान्त्साला याची संगमरवरी मूर्तीपण सापडली, माणसासारखे कान आणि लांब केस. ती आणि नाणं शेजारी लावून बघा.

घुबडछाप
अगदी! ग्लायकॉन कसा विसरलो मी.

कांस्यवैद्य
बाकी सगळं छान चाललंय पण धागाकर्ते, ती हिरवी पूड मांडू नका हो. लगेच बघा ती. तांब्यावरचा जुना हिरवा थर कडक आणि गुळगुळीत असतो, लाकडी टूथपिकने खरवडला तर निघत नाही. फिकट हिरवी आणि टाल्कम पावडरसारखी भुकटी निघत असेल तर तो कांस्यरोग आहे, नाण्याच्या आत क्लोराइड असतं, हवेतला ओलावा मिळाला की ते धातू खायला लागतं आणि खातच राहतं, खाली खड्डा पडतो. आधी ती दोन नाणी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पूड टूथपिकने हळूच काढा, मग डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला, पाणी बदलत राहा, बरेच दिवस. जास्त असेल तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात ठेवतात. शेवटी पूर्ण, अगदी पूर्ण सुकवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबीत. नळाचं पाणी नको, लिंबू-व्हिनेगर तर अजिबात नको, सगळा थर उतरून नाणं नागडं होईल.
आणि त्या रात्रीसाठी, मेणबत्त्या नाण्यांपासून लांब ठेवा, मेण उडालं की काढताना त्रास होतो. त्यापेक्षा छोटा टॉर्च टेबलाच्या उंचीवर आडवा ठेवा. प्रकाश बाजूने आला की गॉर्गनच्या सापांच्या सावल्या पडतात, टॉर्च जरा हलवला की ते सरपटल्यासारखे वाटतात. मुलांना नाणं कडेने धरायला शिकवा, चेहऱ्यावर बोट नको.

जुनंनाणं
बरं झालं विचारलं. आत्ताच खरवडून बघितलं, भुकटीच निघतेय, दोन्हीवर. एकाखाली बारीक खड्डा पण दिसतोय. वेगळी काढलीत, डिस्टिल्ड पाणी उद्या आणतो.
टॉर्चचं करून बघितलं आत्ता अंधारात, पॅरियनच्या नाण्यावर. अर्धे उमटलेले साप पण हलले. क्रम असा ठरवलाय: आधी भुताचा चेहरा, मग इस्ट्रोस, मग ग्लायकॉन, मग हातात खरी गॉर्गन आणि शेवटी गेटा. त्या फोटोतली गेटाची जागा दाखवून आधी नुसतं विचारणार, इथे कोण होतं ओळखा.