व्हीलचेअरसह दारातून नेणारी गाडी नाशिकमध्ये मिळते का?

प्रश्न (सिडको): पक्षाघातानंतर वडिलांना व्हीलचेअर लागते. दर गुरुवारी गंगापूर रोडवरील मित्रांकडे जाण्याची त्यांची इच्छा असते. परंतु रिक्षात बसवताना दोघांना त्यांना उचलावे लागते आणि व्हीलचेअर मागे दोरीने बांधावी लागते. आगाऊ नोंदणीवर गाडी मिळते का?

उत्तर: खासगी रॅम्पवाली गाडी ठरवताना बसलेल्या माणसाची डोक्यापर्यंतची उंची कळवावी आणि चाके जखडणारे पट्टे आहेत का, हे विचारावे. आमच्याकडे गाडी आली, पण दार चार बोटे ठेंगणे निघाले!

उत्तर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ सुलभ वाहतुकीची जबाबदारी शासनावर टाकते, तरीही ज्याला थांब्यापर्यंतच जाता येत नाही, त्याला ठरावीक मार्गाची बस अपुरीच पडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आजच टेप घेऊन मोजले, बावन्न इंच भरले.