टॅब्लेट लावा, पण काढता येईल असा

जुना सात इंची टॅब्लेट डॅशबोर्डवर टेपने कायमचा चिकटवून त्यावर इंजिनचे आकडे पाहायचे, ही कल्पना मला फार आवडली. फक्त 'कायमचा' तेवढं सोडा. नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सावलीतच पारा 45 च्या आसपास असतो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करूच नये, आणि जुनी बॅटरी तर आधीच थकलेली. ती फुगली की स्क्रीन कडेने उचलली जाते. तसं दिसलं तर तो टॅब्लेट त्याच क्षणी बाद करा. क्लिपवाला होल्डर घ्या, एसीच्या जाळीवर लावा, उतरताना टॅब्लेट सोबत न्या.

आकड्यांसाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जागा) ईएलएम 327 चिपचा ब्लूटूथ अडॅप्टर बसतो, आणि ते आकडे दाखवायला अँड्रॉइडवर टॉर्क ॲप चालतं. स्क्रीनवर दहा काटे मांडू नका. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान तेवढं मोठ्या अक्षरात ठेवा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत त्याचा काटाच नसतो, नुसता दिवा, आणि तो लागेपर्यंत इंजिन तापून गेलेलं असतं. साधारण 90 ते 100 ठीक. वर्धा रोडवर सिग्नलला उभं असताना आकडा 110 कडे सरकत राहिला, तर एसी बंद करा आणि रेडिएटरचा पंखा तपासून घ्या.

आणि हो, त्या सॉकेटला चावी काढल्यावरही करंट असतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर गाडीची बॅटरी उतरू शकते.