वॉल्टर सालेस : घराण्याची पुण्याई की स्वतःची कमाई?

दीपमाळ : 'पाऊलवाट' यांनी काल लिहिले की ब्राझीलचे चित्रपट दिग्दर्शक वॉल्टर सालेस हे बँकवाल्या वडिलांचे चिरंजीव असून 'सेंट्रल स्टेशन' आणि 'आय एम स्टिल हिअर' वगळले तर त्यांच्या कारकिर्दीत काहीच उरत नाही. हे वाचून राहवले नाही. 1990 साली ब्राझीलचे अध्यक्ष कोलोर यांनी लोकांच्या ठेवी गोठवल्या, एम्ब्राफिल्म ही सरकारी चित्रसंस्था मोडीत काढली आणि ब्राझीलमधील चित्रनिर्मिती जवळजवळ थांबली. त्याच पडझडीवर सालेस यांनी दानिएला थॉमस यांच्यासह 'फॉरेन लँड' केला. त्यात ठेवी गोठल्याची बातमी ऐकून आई प्राण सोडते आणि मुलगा लिस्बनला निघून जातो. 1998 साली 'सेंट्रल स्टेशन'ला बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्यातला लहानगा नट सालेस यांना विमानतळावर बूटपॉलिश करताना भेटला होता. ही नजर घराण्यातून मिळत नाही.

पाऊलवाट : नजर मिळत नसेल, पण सवड नक्की मिळते. वडील युनिबँको या बँकेचे धनी आणि अमेरिकेतील राजदूत होते. 2012 च्या 'ऑन द रोड'नंतर 2024 पर्यंत सालेस यांनी एकही कथापट केला नाही. बारा वर्षे थांबणे कोणाला परवडते? मी लघुपट करायला निघालो तेव्हा पतपेढीने कर्ज नाकारले, आईच्या पाटल्या मोडल्या आणि संकलन अर्ध्यावर राहिले, ते आजही तसेच पडून आहे. त्यामुळे 'संयमी दिग्दर्शक' ही स्तुती वाचली की माझा संताप होतो.

ओसरी : आपले दुःख खरे आहे, परंतु त्याचा राग भलत्या ठिकाणी निघतो आहे. रुबेन्स पायवा यांच्या कुटुंबावरचा 'आय एम स्टिल हिअर' सालेस यांना करता आला, कारण किशोरवयात ते पायवा यांच्या रिओतील घरी जात-येत असत. जानेवारी 1971 मध्ये लष्करी राजवटीने त्या माजी खासदाराला घरातून नेले, ते परतलेच नाहीत. पत्नी युनिस यांना मृत्यूचा दाखला मिळाला 1996 साली. माझे काका रत्नागिरीहून मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. कायद्याने सात वर्षे लोटल्याखेरीज माणूस मृत मानला जात नाही, आणि तोवर काकूला ना विमा मिळाला, ना तिने कुंकू पुसले. युनिस तो दाखला हाती घेऊन हसतात, त्या प्रसंगी मी चित्रपटगृहात हुंदके देऊन रडले. हे पैशाने साधत नाही.

पाऊलवाट : काकूंविषयी वाचून वाईट वाटले, आणि तो प्रसंग अस्सल आहे हेही मान्य करतो. मात्र त्या घराचे दार त्यांना उघडे होते ते एकाच सधन वर्गातले म्हणून, आणि माझा मुद्दा हाच आहे. लष्करी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय सत्य आयोगाच्या 2014 च्या यादीत 434 मृत व बेपत्ता नोंदले गेले. किमान 8,350 आदिवासींचे बळी त्याच अहवालात असूनही त्या यादीबाहेर राहिले. त्यांच्यावर ऑस्कर मिळवणारा चित्रपट कोण करणार?

दीपमाळ : आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अन्यायकारक आहे. युनिस पुढे वकील झाल्या आणि आदिवासींच्या हक्कांसाठी लढल्या, हे त्या चित्रपटातच आहे. शिवाय साओ पाउलोतील घरकाम करणारी गरोदर आई आणि तिचे चार मुलगे यांच्यावरचा 'लिन्या दि पासे' (2008) आपण पाहिलेला दिसत नाही. त्यातील आईच्या भूमिकेसाठी सांद्रा कोर्वेलोनी यांना फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तो न पाहता 'दोन चित्रपटांचा दिग्दर्शक' असे लिहिणे हा बेजबाबदारपणा आहे.

पाऊलवाट : पाहिलेला नाही, पाहीन, आणि आवडला तर 'दोन' हा शब्द मागे घेईन. बारा वर्षांच्या प्रश्नाला मात्र आपण दोघांनीही अद्याप उत्तर दिलेले नाही.