लिव्हरचा आजार निघालाय, नोकरी सोडू का?

रोजमेळ_इंदूर:
नमस्कार मंडळी. वय ४७. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका ठोक कापडाच्या पेढीवर १४ वर्षं हिशेब बघते. मार्चपासून तळहात-तळपाय खाजायला लागले. पुरळ नाही, गांधी नाहीत, पण रात्री झोपेचं खोबरं. सासूबाईंचं कडुलिंबाचं पाणी झालं, तीन मलमं झाली. शेवटी रक्त तपासलं तर अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरचं एक एन्झाइम) भलतंच वाढलेलं, एएमए (या आजारात सापडणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. निदान पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस, लिव्हरचा आजार. त्यावरच्या उर्सोच्या गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट सुधारताहेत, थकवा मात्र तिथेच ठाण मांडून आहे.

दुपारी अडीच वाजले की टॅलीत तीच एंट्री दोनदा पडते. परवा १,१८,००० चं बिल ११,८०० झालं. मुनीमजींनी पकडलं म्हणून निभावलं. खाज सुटली की मी टेबलाखाली चपला काढते आणि तळवे खालच्या लोखंडी पट्टीवर घासते. तिथला रंग उडालाय.

हे एकवेळ चालेल. पण सेठजींच्या मुलाने माझी फाईल पाहिली, मोबाईलवर शोधलं आणि भर गादीवर विचारलं, "भाभीजी, ये तो सिरोसिस है, दारूवालों को होता है ना?" माझं व्यसन म्हणजे आल्याचा चहा!

घरी हे म्हणतात, सोड. मुलगी बारावीला, राजेंद्र नगरच्या फ्लॅटचे हप्ते चालू. काय करू? सेठजींना किती सांगू?

बडोद्याची_मावशी:
अगं, मीही पीबीसीवालीच, ९ वर्षं झाली. निदान झालं तेव्हा शाळेत शिकवत होते, पुढे ६ वर्षं शिकवून रिटायर झाले. त्या पोराला सांग, नाव जुनं वाचलंयस. आधी त्यात 'सिऱ्होसिस' (लिव्हर कडक पडणं) होतं, पण बहुतेकांना सिऱ्होसिस झालेलाच नसतो, म्हणून २०१५ मध्ये बदलून 'कोलॅन्जायटिस' केलं. आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते. दारूचा संबंध नाही. आणि होतो तो बहुतेक बायकांनाच.

थकव्याचं मात्र विचित्र आहे. आजार किती पुढे गेलाय त्यावर तो ठरत नाही, आणि उर्सोने जाईलच असंही नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, दोन वर्षं मी स्वतःलाच आळशी म्हणत होते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलंस का? माझा थायरॉईड निघाला, त्याची गोळी लागल्यावर थोडी तरतरी आली. खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पावडर दिली तर उर्सोपासून चार तास लांब ठेव, नाहीतर ती गोळीच अडवते. डोक्याचं काम सकाळी उरकत जा. दुपारी मी फक्त वह्या तपासायचे, तेही सोप्या.

निसर्गप्रेमी:
ताई, गुळवेलीचा काढा रोज उपाशीपोटी घ्या. लिव्हर साफ होतं.

बडोद्याची_मावशी:
भाऊ, मुळीच नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. तिचं लिव्हर आधीच प्रतिकारशक्तीचा मार खातंय.

जुना_क्लार्क:
मी कामगारांच्या फाईलींत आयुष्य काढलंय, म्हणून रुक्ष सांगतो. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का बघा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर त्यात येता. मग वर्गणीचे दिवस भरलेले असले की डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात. दिव्यांग दाखल्यामागे मात्र पळू नका. २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत लिव्हरचा आजार नाही. आणि अर्धा दिवस मागाल तर कामाचे तास आणि पगार दोन्ही कागदावर घ्या. तोंडी अर्ध्या दिवसाचा दिवाळीपर्यंत पुन्हा पूर्ण दिवस होतो.

रोजमेळ_इंदूर:
सगळ्यांचे आभार. पगार २४,००० होता, त्यामुळे ईएसआय नव्हतं. सेठजींशी बोलले. आजाराचं नाव सांगितलं, पुढचं नाही, त्यांनीही खोदून विचारलं नाही. मार्केट ११ ला उघडतं, मी आता ९ ला येऊन २ ला निघते. पगार ५,००० ने कमी. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीच्या रिटर्नसाठी पूर्ण दिवस. सगळं कागदावर घेतलं, क्लार्ककाका! हे अजून फुरंगटलेलेच आहेत. थायरॉईडचं रक्त काल दिलं.

सेठजींच्या मुलाला २०१५ चं सांगितलं तर म्हणाला, "अच्छा", आणि फोनमध्ये डोकं घातलं. पण आज बघते तर टेबलाखालच्या पट्टीला मुनीमजींनी काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा सुतळीने बांधून ठेवलाय. त्यांना कधीपासून माहीत होतं, देव जाणे.