कौटुंबिक प्रार्थनेसाठी शास्त्रपाठ कसा निवडावा आणि त्यावर मनन कसे करावे?

अक्कलकोट रोड (प्रश्न)

सर्वांना सलाम. वडील होते तोवर आमच्या घरची रात्रीची प्रार्थना तेच चालवीत असत. मागच्या पावसाळ्यात ते प्रभूकडे गेले आणि ते काम माझ्याकडे आले. मी यंत्रमाग कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, त्यामुळे सकाळी सगळे एकत्र बसणे होत नाही, आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी तर तो विचारही करता येत नाही. म्हणून वेळ रात्रीचीच ठेवली आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे, 1 जानेवारीपासून मी बायबलातील पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज तीन अध्याय वाचायला घेतले. गड्ड्याची जत्रा (सोलापुरातली जानेवारीतली यात्रा) उठेपर्यंत आम्ही तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयापर्यंत, पोहोचलो आणि त्वचारोगाच्या तपासणीचा तेरावा अध्याय चालू असताना माझा बारा वर्षांचा मुलगा बसल्या जागी झोपला. त्यानंतर मोबाइलवर रोज येणारे एक वचन आणि त्याखालचे तयार मनन वाचून दाखवू लागलो. ते पाच मिनिटांत संपते, पण दुसरी अडचण अशी की पुढची प्रार्थना मात्र रोज तीच असते: आरोग्य, नोकरी, मुलाचा अभ्यास. परवा आईने विचारले की आज जे वाचलेस आणि आज जे मागितलेस त्यांचा एकमेकांशी संबंध काय. मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रविवारची घंटा

बंधू, तुमचा हिशेब चुकलेला नाही. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात 1189 अध्याय आहेत, त्यामुळे रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात ते पूर्ण होतात. मात्र तो एकट्याने करावयाच्या वाचनाचा हिशेब आहे. दिवसभर राबून आलेल्या चौघांच्या कौटुंबिक प्रार्थनेचा नव्हे.

माझी सूचना अशी की निवड स्वतःकडे ठेवूच नये. अनेक मंडळ्या (चर्च) रविवारसाठी नेमून दिलेले चार पाठ वापरतात: जुन्या करारातून एक, एक स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतून एक आणि शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रातून, एक. हे चक्र तीन वर्षांचे असते. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी नवे वर्ष सुरू होते आणि एकेक वर्ष अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांना दिलेले असते. योहान तिन्ही वर्षांत विभागलेला असतो. येत्या रविवारचे चार पाठ आठवड्यातील चार रात्री वाचावेत आणि उरलेल्या रात्री केवळ स्तोत्रे घ्यावीत. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा नेमलेले पाठ वाचणारी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) परंपरा आणि आपल्याकडची अमेरिकन मराठी मिशनची परंपरा एका छपराखाली आल्या. तरीही नेमलेले पाठ घरी वाचण्याची सवय माझ्या पाहण्यातल्या कुटुंबांत क्वचितच दिसते. ती असावी असे मला वाटते, कारण निवड आपल्या हाती राहिली की आपण दिलासा देणाऱ्या तेविसाव्या स्तोत्राकडे वळतो आणि अठ्ठ्याऐंशीव्याला कधीच हात लावत नाही. ते स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. ज्या घरातला कर्ता माणूस नुकताच गेला आहे, त्या घरात तेही मोठ्याने वाचले गेले पाहिजे.

निवृत्त शिक्षिका

वरील सूचना योग्य आहे. पण बंधूंच्या आईंचा प्रश्न पाठ निवडून सुटणार नाही.

मोबाइलवर सर्वाधिक फिरणारे वचन घ्या, यिर्मया 29:11. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, असे परमेश्वर तेथे म्हणतो आणि आपण ते परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना पाठवतो. तो अध्याय म्हणजे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीची वाट दिसणारच नव्हती. त्याआधी त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. इतके वाचल्यावर त्या रात्रीची प्रार्थना आपोआप बदलते; ती आपल्या मुलाच्या गुणांवरून निघून शहरापर्यंत जाते, शेजारच्या गल्लीतल्या परक्या माणसापर्यंत जाते.

म्हणून माझा आग्रह असा की तयार मनन महिनाभर बंद ठेवावे. दहा-पंधरा वचनांचा एक पूर्ण प्रसंग दोनदा वाचावा आणि प्रत्येकाने एवढेच सांगावे की आपण कोणत्या शब्दापाशी अडलो. बोध काढण्याची घाई करू नये. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत, ज्यात धनी सकाळी लावलेल्या आणि शेवटच्या तासाला लावलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देतो, वाचताना मी वर्षानुवर्षे धन्याच्या औदार्यावर बोलत आले. एकदा सातव्या वचनापाशी थांबले. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे विचारल्यावर ते मजूर म्हणतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर दहा वाजल्यानंतर कोण उरते हे आपण पाहतो: म्हातारे, अशक्त, अनोळखी. हे मजकुरात नाही, ती माझी भर आहे, आणि शास्त्र कोठे संपते व आपण कोठून बोलू लागतो हे घरच्यांसमोर स्पष्ट सांगावे. त्या दिवशी मी काय मागावे हे मात्र मला शोधावे लागले नाही.

जुना वाचक

मी कॅथलिक आहे, म्हणून थोडेच लिहितो. ताईंनी सांगितलेली रीत जुनी आहे. बाराव्या शतकातील गीगो नावाच्या, कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी संघातील मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर नुसते शांत बसणे. आमच्या घरी चौथी पायरी दोन मिनिटांची असते आणि तीच सर्वांत कठीण जाते. आमच्याकडे सोमवार ते शनिवारसाठीही पाठ नेमलेले असतात. शुभवर्तमानाचा पाठ दरवर्षी तोच येतो आणि आगमनकाळ, उपवासकाळ असे विशेष काळ सोडले तर पहिल्या पाठाचे चक्र दोन वर्षांचे असते. बंधूंना हवे असल्यास तेही वापरून पाहावेत.

अक्कलकोट रोड

सर्वांचे आभार. काल मत्तय 20:1-16 दोनदा वाचले. आईने वीस वर्षे विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, वळाल तेवढे पैसे. ती पहिल्याच वाचनात अडली आणि म्हणाली की एक तास काम करणाऱ्याला पूर्ण दिवसाचे पैसे हा सरळ अन्याय आहे आणि सकाळच्या मजुरांनी कुरकुर केली त्यात काही चूक नाही. मी समजूत घालणार होतो, पण ताईंचे लिहिणे आठवले आणि गप्प राहिलो. मग तिने प्रार्थनेत तेच देवाला सांगितले, स्वच्छ शब्दांत. त्यानंतर तिच्याबरोबर काम करणाऱ्या, हात थरथरू लागल्याने घरी बसावे लागलेल्या एका बाईंसाठी तिने मागणे केले. इतक्या वर्षांत मी त्यांचे नाव तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

मुलगा जागा होता. सकाळी लावलेले मजूर दुसऱ्या दिवशी त्या मळ्यात पुन्हा कामाला आले असतील का, असे त्याने विचारले. आज रात्री त्यावरच बोलायचे ठरले आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र रविवारी वाचू.