मदत हवी आहे: हस्तलिखित पुस्तकाच्या प्रतींना आवृत्ती म्हणावं का?

नमस्कार मंडळी. मी प्रयोगशील सुलेखन करते आणि त्याच कागदांची अकॉर्डियन घडीची (पंख्यासारख्या उलटसुलट घड्यांची) पुस्तकं बांधते. आता पूर्णवेळ हेच करायचं ठरवलंय. एका संग्राहकाला पाच प्रती हव्या आहेत. त्यांवर मर्यादित आवृत्तीसारखे १/५, २/५ (पाचातली पहिली, दुसरी) असे क्रमांक घालावेत, की प्रत्येक प्रत स्वतंत्र कलाकृती धरून किंमत लावावी? मला दुसरं पटतं. बोरूचा फटकारा, शाईचा ओघळ पुन्हा तसाच उमटत नाही.

आणखी एक. घडी कागदाच्या ग्रेनला (तंतूंच्या दिशेला) समांतरच घालते, तरी ग्वाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) जाड थर नेमका घडीवर तडकतो, पापुद्रे निघतात. रंगातला गम अरेबिक (रंग धरून ठेवणारा डिंक) वाढवला तर थर आणखी कडक होईल ना? की घडीपाशी पातळ शाईच वापरू? अशी पुस्तकं विकलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.